भैरोधुऱ्यावरची हाक

सखानंद महाराजांचे बहुतेक आयुष्य माणदेशातच गेले. पण उत्तरेच्या यात्रेत त्यांनी एक अख्खा पावसाळा कुमाऊँच्या पहाडात, सेरागाव नावाच्या वस्तीत काढला. सेरागाव हे त्या दरीतले शेवटचे गाव. तिथून वर माणसाचे घर नाही. आधी देवदार संपतात, मग भूर्जाची झाडे संपतात, मग नुसते गवताचे उतार, त्यांच्यावर दगडांचा पसारा, आणि सर्वांच्या वर, दोन पांढऱ्या शिखरांच्या मधोमध, भैरोधुरा. तिकडे उंच खिंडीला धुरा म्हणतात. भैरोधुऱ्यावर आषाढातही बर्फ असते. मिठाच्या थैल्या पाठीवर बांधलेल्या मेंढ्यांचे कळप घेऊन पहाडी व्यापारी उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांत ती खिंड ओलांडतात. एरवी तिकडे फिरकत कोणी नाही. पलीकडे उतरले की भैरवकुंड लागते. भाद्रपदी पौर्णिमेला त्या कुंडात स्नान करावे, अशी तिथली श्रद्धा.

महाराजांबरोबर माणदेशातून आणि पुण्याकडून आलेली दहा-बारा माणसे होती. त्यांत ठकूबाई नावाची एक धनगरीण होती. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळी, खांद्यावर कायम काळी घोंगडी. नवरा गेलेला, मूलबाळ नव्हते. मेंढरे दिराच्या हवाली करून ती महाराजांच्या मागे निघाली होती. तिला अभंग पाठ नव्हते. जपमाळ दिली तर मणी मोजताना तिचा गोंधळ होई. तिचे एकच काम होते. महाराज दिवसातून पंधरा-वीस वेळा हाक मारीत, "ठकू! ए ठकू!" आणि ती हातातले टाकून धावत येई. "ओ जी, म्हाराज!"

ती समोर आली की महाराज म्हणत, "काही नाही. जा."

आणि ती जाई. ना राग, ना कुरकुर. पुन्हा हाक, पुन्हा ओ. कधी पीठ मळताना, कधी ओढ्यावर धुणे धुताना, कधी नुकता डोळा लागला असताना. एकदा तर ती ओल्या केसांनिशी धापा टाकीत आली, आणि महाराजांनी नुसते हसून तिला परत पाठवले.

या गोष्टीची सर्वांत जास्त टिंगल कोणी केली असेल तर ती यशवंतराव गुप्ते यांनी. गुप्ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. तरुणपणी त्यांनी याच पहाडांत नकाशे केले होते. भैरोधुऱ्याची उंची प्रथम त्यांनीच मोजली होती, आणि हे ते दिवसातून एकदा तरी सांगत. पत्नी अन्नपूर्णाबाईंच्या आग्रहाखातर ते यात्रेला आले होते. महाराजांवर त्यांचा विश्वास होता असे नाही. त्यांच्या पिशवीत होकायंत्र असे, हवेचा दाब मोजायचे पितळी यंत्र असे, आणि ओठांवर कुणाची तरी चेष्टा असे.

"काय ठकूबाई," ते सर्वांदेखत म्हणत, "आज किती वेळा ओ दिलीस? मोक्षाला अजून किती कमी पडतात? आमच्याकडे एक कुत्रं होतं, तेही हाकेला असंच धावायचं. पण त्याला निदान भाकरी मिळे."

लोक हसत. ठकूबाईही ओशाळून हसे. "माजं डोस्कंच तेवढं हाय, सायेब," म्हणे आणि कामाला लागे.

महाराज हे सारे ऐकत. आणि पुन्हा ठकूलाच हाक मारीत.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. पहाटे यात्रेकरूंनी धुऱ्याकडे निघायचे ठरले होते. तांबडे फुटताना ठकूबाई महाराजांसमोर आली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"म्हाराज, वरची मेंढरं आपसूक खाली आल्याती. कुनी हाकललं न्हाई. चरत न्हाईत, एकमेकीच्या पोटाखाली डोसकी घालून हुबी हाईत. आमच्याकडं गारपिटीआदी मेंढरं अशीच करत्यात. आज वर जायाला नगं."

वाटाड्या केशरसिंग तिथेच उभा होता. सेरागावचाच माणूस, वीस वर्षे धुरा तुडवलेला. त्यानेही मान हलवली. "माई बरोबर बोलते आहे. आज वाऱ्याचा वास वेगळा आहे."

गुप्त्यांनी पिशवीतून पितळी यंत्र काढले. त्यावर टिचकी मारली. "काटा जागचा हललेला नाही. आकाश निळंशार आहे. आणि आपण काय करायचं, तर मेंढ्यांना विचारायचं! ठकूबाई, तुझ्या मेंढ्यांना पंचांगही कळतं का? मग मुहूर्तही त्यांच्याकडूनच काढू."

महाराज म्हणाले, "यशवंतराव, आज राहू द्या. कुंड काही परवापर्यंत पळून जात नाही."

"कुंड पळत नाही महाराज, पण पौर्णिमा पळते. मी ही खिंड मोजली आहे. तिचा दगडन् दगड मला ठाऊक आहे. ज्यांना भीती वाटते त्यांनी खाली बसून मेंढ्या राखाव्यात."

बरीच माणसे महाराजांच्या शब्दाखातर मागे राहिली. निघाले ते गुप्ते, त्यांच्यामागे मुकाट्याने अन्नपूर्णाबाई, आणि शिवराम कासार नावाचे एक म्हातारे. पौर्णिमेचे स्नान चुकले तर पुन्हा या जन्मी घडायचे नाही, असे शिवरामबुवांच्या मनाने घेतले होते. पाहुण्यांना एकटे कसे सोडायचे, म्हणून केशरसिंगही नाइलाजाने तयार झाला.

तेव्हा महाराज ठकूबाईकडे वळले. "ठकू, तू त्यांच्याबरोबर जा."

ती बघतच राहिली. "म्या? म्याच नगं म्हनते की, म्हाराज!"

"म्हणूनच जा. सगळ्यांच्या मागं चाल. आणि हाक ऐकू आली की काय करायचं ते तुला माहीत आहे."

ठकूबाईने क्षणभर वर खिंडीकडे पाहिले. मग घोंगडी खांद्यावर सारखी केली, महाराजांच्या पायांवर डोके ठेवले आणि चालू लागली. भक्तहो, जिथे जाऊ नये असे स्वतःची अक्कल सांगते, तिथे गुरूच्या एका शब्दावर जाणे ही केवढी गोष्ट आहे!

पहिले तीन तास सगळे गुप्त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच झाले. ऊन लख्ख होते. गवताच्या उतारांवर निळी-जांभळी फुले होती. गुप्ते पुढे काठी आपटीत चालले होते आणि वळून वळून मागे सांगत होते, "कुठे आहे तुझी गारपीट? आणली नाहीस वाटतं पिशवीतून!"

दगडांचा पसारा लागला तसा शिवरामबुवांना धाप लागू लागली. तिथे हवा विरळ. चार पावले टाकावीत आणि काठीवर भार देऊन थांबावे, अशी गत. अन्नपूर्णाबाईंचे डोके ठणकत होते. पहाडी लोक याला बिख लागणे म्हणतात. ठकूबाई मागून येत होती; म्हाताऱ्याची पडशी तिने केव्हाच आपल्या खांद्यावर घेतली होती.

दुपार व्हायच्या सुमारास ते खिंडीच्या माथ्यावर पोहोचले. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी रचलेली दगडांची रास होती, तिच्यावर रंग उडालेल्या चिंध्या फडफडत होत्या. पलीकडे खोल खाली निळसर काहीतरी चमकत होते. "ते कुंड!" गुप्ते विजयाने म्हणाले.

त्यांनी हात वर करून दाखवले, आणि ते बोट दाखवीत असतानाच कुंड दिसेनासे झाले.

पलीकडच्या दरीतून ढग असा वर आला, जणू चुलीवरचे दूध उतू यावे. त्याच्यामागोमाग वारा. पाचजण एकमेकांना बिलगण्याआधीच बर्फाचे कण तोंडावर सुयांसारखे टोचू लागले. आकाश, शिखरे, दगडांची रास सारे पुसून गेले. हात लांब केला तर बोटे दिसेनात.

"खाली! मागे फिरा!" केशरसिंग ओरडला. त्याने शिवरामबुवांचा हात धरला आणि आलेल्या वाटेकडे वळला. दहा पावले गेला असेल नसेल, ताज्या बर्फाखाली लपलेल्या फटीत त्याचा पाय गेला. तो किंचाळून पडला. दोघांनी ओढून काढला तेव्हा त्याचा गुडघा वाकडा झाला होता. वाट दाखवणारा माणूसच आता दुसऱ्याच्या खांद्यावर आला.

"साहेब," तो दात आवळून म्हणाला, "माथ्यावरून खाली दोन घळी उतरतात. सारख्या दिसतात. एक आपली. दुसरीच्या तोंडाशी बर्फाचा छज्जा आहे आणि खाली कडा. सांभाळून."

"मला ठाऊक आहे," गुप्ते म्हणाले. त्यांनी होकायंत्र काढून डोळ्यांपाशी धरले. "डावीकडे. नैर्ऋत्येला. या माझ्यामागून."

नैर्ऋत्य बरोबर होती. पण केशरसिंगाला सोडवण्यात पाऊण तास गेला होता, आणि तेवढ्यात वाऱ्याने त्यांना माथ्यावर इकडून तिकडे ढकलले होते. आपण आता नेमके कुठे उभे आहोत हे त्या यंत्राला ठाऊक नव्हते, आणि गुप्त्यांनाही.

सगळे वळले. तेवढ्यात सर्वांत मागून आवाज आला.

"ओ जी, म्हाराज!"

ठकूबाई उजवीकडे तोंड करून उभी होती. घोंगडीवर बर्फ साचले होते, आणि ती कान टवकारून ऐकत होती.

"काय झालं?" अन्नपूर्णाबाईंनी विचारले.

"म्हाराज हाक मारत्यात. हिकडनं. उजवीकडनं."

गुप्ते इतके चिडले की त्यांना थंडीचा विसर पडला. "वेडी झालीस का? सेरागाव इथून तीन कोस खाली आहे! या वाऱ्यात मला माझा आवाज ऐकू येत नाही. बिख चढली आहे तुझ्या डोक्यात. कुणी ऐकली का हाक? शिवरामबुवा? केशरसिंग?"

कोणी ऐकली नव्हती. नुसता वारा घुमत होता.

"परत मारली," ठकूबाई म्हणाली. "ओ जी! आले, आले!" आणि तिने उजवीकडे पाऊल टाकले.

"थांब! तिकडे मराल सगळे!"

"सायेब," ती शांतपणे म्हणाली, "मला नकाशातलं काय कळत न्हाई. पर ह्यो आवाज मला कळतो. वरीसभर त्यांनी दुसरं काय शिकिवलंच न्हाई मला."

शिवरामबुवांनी डोक्याचा फेटा सोडला. वीस हातांचा लांबलचक फेटा. त्याचे एक टोक ठकूबाईच्या हातात दिले आणि दुसऱ्या बाजूला स्वतः आणि केशरसिंग उभे राहिले. म्हाताऱ्याला थंडीने नीट बोलता येत नव्हते, पण त्याचा निर्णय झाला होता.

गुप्त्यांनी पत्नीकडे पाहिले. "चल."

अन्नपूर्णाबाईंनी फेट्याचा मधला भाग दोन्ही हातांनी धरला होता. त्यांचे ओठ निळे पडले होते. "अहो, तुम्हीच या. तीस वर्षं तुमच्यामागून चालले. आज नाही यायची."

"अडाण्यांच्या हाती जीव द्यायचा असेल तर द्या!" ते ओरडले आणि डावीकडे वळले. तीन पावलांत पांढऱ्या धुरात दिसेनासे झाले. अन्नपूर्णाबाईंनी दोनदा हाका मारल्या. उत्तर आले नाही.

आता पुढे ठकूबाई आणि मागे फेट्याला धरून तिघे. ती पाच-सहा पावले टाकी, थांबे, कान देई, "ओ जी!" म्हणे आणि किंचित इकडे किंवा तिकडे वळे. मागच्यांना फक्त तिची ओ ऐकू येई. तेवढ्या एका शब्दावर चार जीव उतरत होते. एका ठिकाणी ती बराच वेळ हललीच नाही. शिवरामबुवा मागून कळवळून म्हणाले, "बाई, चल ना! पाय गोठले." ती म्हणाली, "हाक आल्याबिगर कशी टाकू?" आणि मग पुन्हा "ओ जी!" म्हणून तिने एकदम डावीकडे मोठा वळसा घेतला. केशरसिंगाने काठीने चाचपून पाहिले. जिथे ती सरळ गेली असती, तिथे काठी मुठीपर्यंत आत गेली. खाली पोकळी होती.

किती वेळ लागला ते कुणालाच सांगता आले नाही. पायांखाली बर्फाऐवजी दगड लागले आणि समोर एक मोठा पुढे झुकलेला खडक आला. त्याच्या पोटाशी मेंढपाळांनी दगड रचून आडोसा केला होता. केशरसिंगाने खडकाला हात लावला आणि रडू लागला. "आपलीच घळ आहे ही. वाचलो, माई!"

ठकूबाईने तिघांना आडोशाला बसवले. घोंगडी अन्नपूर्णाबाई आणि शिवरामबुवांच्या अंगावर घातली. आणि ती खाली बसणार, तोच ताठ उभी राहिली.

"ओ जी?"

या वेळी तिच्या ओ मध्ये प्रश्न होता. तिने मान वळवली. वर, खिंडीकडे.

"म्हाराज वर बोलवत्यात," ती म्हणाली.

वर काय होते ते सर्वांना कळत होते. अन्नपूर्णाबाईंनी तिचा पदर धरला आणि सोडला. थांब म्हणायची त्यांची छाती होईना, आणि जा म्हणायचीही होईना. केशरसिंग म्हणाला, "माई, तुझा या गारठ्यात अर्धा तासही निभाव लागणार नाही. घोंगडी तरी घे."

"त्यास्नी ऱ्हाऊ द्या. म्या थंडीतलीच हाय," म्हणून तिने फेट्याची गुंडाळी काखेत मारली आणि ती पुन्हा त्या पांढऱ्या अंधारात शिरली.

इकडे गुप्त्यांचे काय झाले होते? ते होकायंत्रावर नजर ठेवून डाव्या घळीत उतरले. उतार सोपा होता, म्हणून त्यांना आनंदही झाला. आणि मग पायाखालचे बर्फ आवाज न करता खाली गेले. छज्जा तुटला. ते दहा-बारा हात घसरले आणि कड्याच्या तोंडाशी एका खडकाच्या ओठावर अडकले. उजवा हात खांद्यातून निखळला. होकायंत्र खाली गेले. ते कुठे आपटल्याचा आवाजही आला नाही.

त्यांनी हाका मारल्या. आपलाच आवाज आपल्याच तोंडात परत येत होता. हळूहळू थंडी कळेनाशी झाली आणि झोप येऊ लागली. ही झोप कसली, हे त्या अनुभवी माणसाला चांगले माहीत होते.

तेवढ्यात त्यांचे लक्ष समोर गेले. जिथून ते घसरले होते, त्या उतारावर ताज्या बर्फात पावले उमटलेली होती. अनवाणी पावले. वरून त्यांच्या खडकापर्यंत आलेली, तिथे शेजारी शेजारी उभी राहिलेली, आणि परत वर गेलेली. हाताच्या अंतरावर. बोटे न् बोटे स्पष्ट. गुप्त्यांनी आयुष्यभर डोळ्यांनी पाहिलेलेच खरे मानले होते. आता ते डोळे मिटू शकत नव्हते आणि उघडे ठेवू शकत नव्हते. एवढ्या वाऱ्यात ती पावले बुजत कशी नाहीत, हेही त्यांना कळेना.

आणि वरून आवाज आला, "ओ जी, म्हाराज! ह्ये काय, हितंच हाय मी!"

ठकूबाईने वर एका पक्क्या दगडाला फेटा गुंडाळला आणि टोक खाली सोडले. "सायेब, कमरंला बांदा!"

"मला हात हलवता येत नाही. तू जा, ठकूबाई. तू पण पडशील."

"एका हातानं गुंडाळा, दातानं गाठ मारा. म्या ओढते."

"जा म्हणतो ना! माझ्यासाठी कशाला मरतेस? मी..." आणि त्या कड्यावर, त्या वाऱ्यात, तो ताठ माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "मी नव्हतो थांबलो! बावीस वर्षांमागे, याच धुऱ्यावर. माझा एक हमाल मागे पडला. धनसिंग. असंच वादळ होतं. त्यानं मला हाका मारल्या. साहेब, साहेब म्हणून. मला स्वच्छ ऐकू आल्या, ठकूबाई! मी ओ दिली नाही. खाली उतरून सांगितलं, काही ऐकू आलं नाही म्हणून."

वरून फेट्याचे टोक आणखी हातभर खाली सरकले.

मग ठकूबाई म्हणाली, "ते मागनं बोलू. आदी गाठ मारा."

त्यांनी दाताने गाठ मारली. ती काटकुळी बाई दगडाला पाय रोवून फेटा ओढू लागली. तिचे तळवे सोलले, फेटा रक्ताने लाल झाला. दोनदा गुप्ते घसरले, दोनदा गाठ टिकली. तिला इतके बळ कुठून आले, असे पुढे लोक विचारीत, तेव्हा ती म्हणे, "म्या एकटी कुटं हुते? माज्या हाताम्होरं आनकी दोन हात हुते की."

दोघे आडोशापाशी आले तेव्हा वारा पडला होता. अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याला पाहिले आणि त्या जागच्या जागी खाली बसल्या.

सूर्य मावळायला अजून घटकाभर अवकाश असताना पाचहीजण सेरागावात पोहोचले. गावात दिवसभर कडक ऊन पडले होते. एक थेंब की एक कण वरून आला नव्हता. अंगणात माणसे जमली होती. महाराज घोंगडीवर बसले होते, आणि केशरसिंगाची आई कढत पाण्याच्या परातीत त्यांचे पाय धरून बसली होती.

तिनेच सांगितले. "दुपारपासून महाराज त्या धुऱ्याकडे तोंड करून उभे होते, आणि ठकू, ए ठकू म्हणून हाका मारत होते. आम्ही म्हटलं, महाराज, ती तीन कोसांवर आहे, तिला कसं ऐकू जाईल? ऐकलंच नाही. उन्हात उभे होते, आणि पाय बघा, हे बघा काय झालं!"

गुप्त्यांनी पाहिले. महाराजांचे पाय घोट्यापर्यंत निळेकाळे झाले होते. बोटांना बर्फाने चावल्याचे फोड आले होते. रणरणत्या उन्हात, कोरड्या अंगणात उभ्या असलेल्या माणसाचे पाय!

त्यांनी निखळलेला हात तसाच लोंबत ठेवून महाराजांपुढे लोटांगण घातले. "महाराज, क्षमा करा. मी आपली पावलं ओळखली नाहीत. आणि हिला मी कुत्र्याची उपमा दिली!" ते ठकूबाईच्या पायांशी वाकू लागले, तेव्हा ती चटका बसल्यासारखी मागे सरली. "अवो सायेब, काय करता ह्ये! पाप लावता व्हय मला!"

महाराजांचा आवाज पूर्ण बसला होता. ते कुजबुजल्यासारखे बोलले. "यशवंतराव, मला नमस्कार पोहोचला. पण तिथे कड्यावर जे बोललात ते ठकूला सांगून भागणार नाही. ज्याचं आहे त्याच्या दारात नेऊन टाका."

ठकूबाईने महाराजांना अजून काहीच सांगितले नव्हते. गुप्त्यांनी वर पाहिले. मग त्यांनी मान खाली घातली.

चौथ्या दिवशी, हात गळ्यात बांधून, गुप्ते दरीच्या समोरच्या उतारावरल्या रिंगाड गावी गेले. बरोबर ठकूबाई होती. धनसिंगचे घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात एक म्हातारी बसली होती. तिचे नाव पदिमा. तिच्या नाकात नथ होती, गळ्यात काळ्या मण्यांची पोत होती. नवरा मेल्याचे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तो मागे राहिला, सापडला नाही, एवढेच तिला कळले होते.

गुप्त्यांनी उभ्यानेच सगळे सांगितले. एक शब्द गाळला नाही. हाका ऐकू आल्या होत्या, हेही सांगितले.

पदिमाने एवढेच विचारले, "कुठे?"

गुप्त्यांनी डावा हात वर केला. तिच्या अंगणातून भैरोधुरा स्वच्छ दिसत होता. "ती पांढरी खाच दिसते, तिच्याखाली काळा खडक आहे ना, त्याच्या जरा उजवीकडे."

म्हातारीने मान मागे वळवून, डोळ्यांवर हात धरून पाहिले. "आणि मी बावीस वर्षं या अंगणात खालच्या वाटेकडे तोंड करून बसते," ती म्हणाली. "मला वाटायचं, खाली देसात, मैदानी मुलखात गेला असेल. आज येईल, उद्या येईल. तो तर पाठीमागे होता."

तिने गळ्यातली पोत काढून मुठीत धरली. गुप्ते तिच्यापुढे मातीत पालथे पडले. कपाळ जमिनीला टेकवून ते तसेच राहिले; उठायचा त्यांना धीर होईना. पदिमाने बसल्या जागी अंग वळवले आणि धुऱ्याकडे तोंड केले. मग तिचा एक हात हळूच खाली आला आणि त्यांच्या पाठीवर टेकला.

"उठ," ती म्हणाली. "जमीन थंड आहे."

सखानंद महाराजांच्या कृपेने त्या दिवशी धुऱ्यावरून पाच माणसे जिवंत उतरली, असे सेरागावचे लोक सांगतात. महाराज मात्र म्हणत, "पाच नव्हे, सहा. एक बावीस वर्षं वर अडकला होता." तो सहावा धनसिंग की यशवंतराव, हे त्यांनी कधी उलगडून सांगितले नाही, आणि विचारायला गेलेल्यांना ते हसून एवढेच म्हणत, "काही नाही. जा."